इंदूरच्या कमलाताई
डाळीतील प्रथिनांचा विषय निघाला की आम्हां इंदूरकरांना इथे जन्मलेल्या डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, आठवतात. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. जाचक अटी मान्य करून वर्ष काढले, दूध व डाळींतील प्रथिनांवर संशोधन केले. मागून येणाऱ्या मुलींसाठी दार उघडले. केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या श्वसनातील सायटोक्रोम-सी त्यांनी शोधले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईत गोरगरिबांच्या पोषणासाठी नीरेतील जीवनसत्त्वे अभ्यासली. यंदा विसर्जनाच्या दिवशी वाटल्या डाळीचा प्रसाद घेताना आम्ही त्यांचे कृतज्ञ स्मरण करू.