हरिभाऊंचे ‘करमणूक’

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे या गावी झाला. लहानपणीच त्यांची आई वारली. पुढे ते शिक्षणासाठी पुण्यास आले. महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली नाही. पण वाचनाची आवड मात्र कधीच सुटली नाही. लोक त्यांना आदराने हरिभाऊ म्हणत.

१८८५ साली ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रातून त्यांची ‘मधली स्थिती’ ही कादंबरी येऊ लागली. त्या काळी पुण्यात वृत्तपत्रे होती, पण त्यांत राजकारण व वादविवाद अधिक असत. घरातील लहानथोरांनी एकत्र बसून वाचावे असे त्यांत थोडेच असे. १८८४ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली होती. स्त्रियाही वाचू लागल्या होत्या. या नव्या वाचकांसाठी गोष्टी छापायच्या कोठे?

हरिभाऊंनी स्वतःच वाट काढली. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यात गोष्टी, निबंध, चरित्रे आणि शास्त्रीय माहिती येई. वाचकांची करमणूक व्हावी आणि त्याबरोबर त्यांना चार चांगल्या गोष्टी कळाव्यात, हा त्यांचा हेतू होता. उर्दूतही असेच घडले होते. सुधारणेचे विचार लोकांपर्यंत नेण्यासाठी सर सय्यद अहमद खान यांनी १८७० साली ‘तहजीबुल अखलाक’ हे नियतकालिक काढले होते.

‘पण लक्षात कोण घेतो’ ही हरिभाऊंची कादंबरी ‘करमणूक’मध्ये क्रमशः छापली गेली. तीत यमू नावाची विधवा आपली कहाणी स्वतः सांगते. पती वारल्यावर तिचे केस जबरदस्तीने काढले जातात. अशी दुःखे तेव्हा घराच्या चार भिंतींतच राहत. आता ती घरोघर वाचली जाऊ लागली. पुढे शिवराय आणि त्यांचे मावळे यांच्या काळावरील ‘उषःकाल’ ही कादंबरीही याच साप्ताहिकातून आली. हरिभाऊंनी लहान लहान गोष्टीही पुष्कळ लिहिल्या. त्यांना ते ‘स्फुट गोष्टी’ म्हणत. मराठी लघुकथेचा पाया त्यांतूनच घातला गेला.

१९१२ साली अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

चांगले लिहिणे हे लेखकाचे अर्धे काम असते. ते योग्य वाचकाच्या हाती पोहोचवणे हे उरलेले अर्धे. हरिभाऊंनी ही दोन्ही कामे केली.