काउंट झिन्झेंडॉर्फ आणि हेर्नहूटची मंडळी

मंडळीत हेवा शिरला म्हणजे प्रार्थना कोरडी होते, आणि पक्षपात शिरला म्हणजे उपदेश कोणाच्याही मनास लागत नाही. या दोन रोगांनी जर्जर झालेली एक लहानशी मंडळी पुन्हा कशी उभी राहिली, हे एका जर्मन उमरावाच्या चरित्रावरून दिसून येते.

निकोलाउस लुडविग, काउंट झिन्झेंडॉर्फ, यांचा जन्म २६ मे १७०० रोजी ड्रेस्डेन शहरी झाला. अगदी तान्हेपणीच त्यांचे पितृछत्र हरपले व पुढे त्यांच्या भाविक आजीने त्यांचा प्रतिपाळ केला. कायद्याचा अभ्यास करून ते सॅक्सनीच्या दरबारी चाकरीस लागले. १७२२ साली त्यांनी बेर्थेल्सडॉर्फ ही जहागीर विकत घेतली. त्याच वर्षी मोराव्हिया प्रांतात धर्माकरिता छळ सोसलेली काही कुटुंबे, ख्रिस्तियन डाविड नामक सुताराच्या साह्याने, त्यांच्या आश्रयास आली. तेथे जे गाव वसले त्याचे नाव हेर्नहूट.

पाच वर्षांत वस्ती वाढली आणि तिच्याबरोबर कलहही वाढला. मोराव्हियातून आलेले, लूथरपंथी, कॅल्विनपंथी, असे नाना मतांचे लोक एकत्र आले होते, व प्रत्येकास आपलीच रीत खरी वाटे. कोणी पाळक रोथे यांचा पक्ष धरी, तर कोणी त्यांचा तिरस्कार करी. ज्यांनी आश्रय दिला त्या काउंटसाहेबांना प्रकटीकरणातील श्वापद ठरविण्यापर्यंत काहींची मजल गेली. खुद्द ख्रिस्तियन डाविडही पाळकांपासून दुरावला.

काउंट जमिनीचे धनी होते. विरोधकांस हाकलून देणे त्यांच्या हाती होते. परंतु त्यांनी तसे केले नाही. १७२७ साली दरबारचे काम सोडून ते हेर्नहूट येथे राहावयास आले आणि घरोघरी जाऊन स्नेही व विरोधक या दोघांचेही गाऱ्हाणे सारख्याच शांतपणे ऐकू लागले. १२ मे रोजी त्यांनी सर्वांस जमवून फुटीचे पाप उघड करून दाखविले. लोकांनी बंधुभावाच्या करारास संमती देऊन एकमेकांचे हात हाती घेतले. नंतर मंडळीने १२ वडील निवडले, व त्यांतून ४ मुख्य वडील चिठ्ठ्या टाकून नेमण्यात आले. त्यामुळे श्रीमंताचा वशिला किंवा आप्तांचे वजन यांस तेथे जागाच उरली नाही. त्या चौघांत, काल दुरावलेला तो सुतार ख्रिस्तियन डाविडही होता!

१३ ऑगस्ट रोजी बेर्थेल्सडॉर्फच्या मंदिरात सर्वांनी मिळून प्रभुभोजन घेतले. त्या समयी अंतःकरणे विरघळली व जुने वैर मिटले. त्याच महिन्यात रात्रंदिवस अखंड प्रार्थनेचा क्रम सुरू झाला. तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. १७३२ साली याच मंडळीतून लिओनार्ड डोबर हा कुंभार व डाविड निट्शमान हा सुतार वेस्ट इंडीजमधील गुलामांकडे सुवार्ता घेऊन गेले. ९ मे १७६० रोजी काउंट प्रभूमध्ये निजले. त्याच वर्षी त्यांच्या मंडळीचे बंधू आपल्या देशात तरंगंबाडी येथे येऊन पोहोचले.

वाचकहो, जी मंडळी आपसांत भांडत होती तोवर शेजारच्या गावासही तिचा उपयोग नव्हता, तीच एक होताच समुद्रापार गेली. आपल्या मंडळीतही पुढची जागा कोणास, शाळेचे काम कोणाच्या मुलास, पाळकांचे जाणे-येणे कोणत्या घरी, यावरून मने दुखावतात. उपदेशक बंधूंनो, ज्या घराशी आपले पटत नाही, त्या घरी या आठवड्यात प्रथम जावे. हेर्नहूटच्या ऐक्याचा आरंभ अशाच एका भेटीगाठीपासून झाला.