विश्लेषण : स्वयंपाक शाळेत विषय म्हणून कसा आला? एमआयटीच्या पहिल्या विद्यार्थिनीने काय केलं?

गृहविज्ञान म्हटलं की आजही अनेकांना तो मुलींचा, सोपा विषय वाटतो. अमेरिकेत हा विषय उभा करण्यात सर्वात मोठा वाटा मात्र एका रसायनशास्त्रज्ञाचा होता. त्यांचं नाव एलन स्वालो रिचर्ड्स.

कोण होत्या रिचर्ड्स?

जन्म १८४२, मॅसॅच्युसेट्समधलं डन्स्टेबल. १८७० मध्ये वासार कॉलेजची पदवी घेतल्यावर त्यांना एमआयटीत प्रवेश मिळाला. तोवर तिथे एकाही मुलीला प्रवेश मिळाला नव्हता. फीसुद्धा माफ झाली. घरची परिस्थिती बघून सवलत दिली, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात कुणी आक्षेप घेतलाच, तर ही आमची विद्यार्थिनी नाही असं सांगायची सोय संस्थेने करून ठेवली होती! १८७३ मध्ये पदवी मिळाली, एमआयटीची डॉक्टरेट मात्र कधीच नाही.

१८७६ मध्ये एमआयटीत महिलांसाठी प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे त्या पगार न घेता शिकवत. येणाऱ्यांमध्ये शाळेतल्या शिक्षिका बऱ्याच होत्या. पुढे पाण्याची तपासणी, अन्नातली भेसळ ही त्यांची मुख्य कामं झाली. १८८२ मध्ये स्वयंपाक आणि स्वच्छतेच्या रसायनशास्त्रावर त्यांचं पुस्तक आलं.

स्वयंपाकघराचा प्रयोग का फसला?

१८९० मध्ये बोस्टनमध्ये ‘न्यू इंग्लंड किचन’ सुरू झालं. गरीब कामगारांना स्वस्त, पौष्टिक शिजवलेलं अन्न विकायचं, ही कल्पना. सगळं मोजूनमापून, सूप आज जसं, तसंच उद्या. शिजवायला अलादीन ओव्हन, म्हणजे उष्णता धरून ठेवणारी पेटी आणि खाली रॉकेलचा दिवा. आजच्या स्लो कुकरचा पूर्वजच म्हणा ना. हिशेब सगळा चोख होता, पण बाहेरदेशांतून आलेल्या कामगारांना ते बेचव जेवण नको होतं. त्यांना आपल्या घरची चव हवी होती.

प्रयोग वाया मात्र गेला नाही. १८९४ पासून याच किचनमधून बोस्टनच्या हायस्कूलना दुपारचं जेवण जाऊ लागलं.

विषयाला नाव कधी मिळालं?

१८९९ मध्ये लेक प्लॅसिड इथल्या छोट्या परिषदेत ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव ठरलं. दहा वर्षांच्या आत राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि रिचर्ड्स तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९११ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यानंतर १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने या विषयाला केंद्र सरकारचा पैसा मिळाला आणि हायस्कूलमध्ये स्वयंपाकाचे वर्ग झपाट्याने वाढले. विज्ञानाचं दार बंद असलेल्या कित्येक जणी याच विभागांतून प्राध्यापक झाल्या. शाळेत मात्र उलटंच घडलं. मुली चुलीपाशी, मुलगे वर्कशॉपमध्ये, अशी वाटणी पक्की होत गेली. सरकारी मदत घेणाऱ्या शाळांमधली ही वाटणी बेकायदा ठरली ती १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे.