पाचगणीच्या हॉस्टेलमधला फ्रेडी

आवडता गिटार रिफ कोणता, यावरून हॉस्टेलवर मध्यरात्रीपर्यंत भांडणं होतात. रिफ म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा छोटा, ठसठशीत तुकडा. कामतघरच्या लूमची खटखट कानात बसते ना, तसाच तोही बसतो. या भांडणात क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं नाव हमखास निघतं. पण मित्रांनो, तो रिफ रचणारा माणूस गिटारिस्ट नव्हताच! आणि तो लहानाचा मोठा झाला आपल्या पाचगणीत.

फ्रेडी मर्क्युरीचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजिबारमधल्या पारशी घरात. वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारचे कॅशियर. आठ वर्षांच्या फारुखला त्यांनी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. घर आणि हॉस्टेल यांच्या मध्ये अख्खा समुद्र! तिथेच तो पियानोत रमला, तिथेच पोरांनी त्याला फ्रेडी म्हणायला सुरुवात केली. १९५८ साली शाळेतल्या मित्रांचा 'द हेक्टिक्स' हा बँड निघाला, त्यात हा पियानोवर.

१९६४ साली झांजिबारमध्ये क्रांती झाली. घरदार सोडून बलसारा मंडळी इंग्लंडला गेली. फ्रेडीने ईलिंगला ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा केला आणि १९७० साली ब्रायन मे, रॉजर टेलर यांच्यासोबत 'क्वीन' सुरू झालं. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला.

आपल्यासारख्यांनी कान टवकारावेत असा हा बँड! ब्रायन फिजिक्सवाला. त्याची 'रेड स्पेशल' गिटार त्याने वडिलांसोबत घरीच बनवली होती. मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, ट्रेमोलोत मोटरसायकलच्या स्प्रिंगा. पिक म्हणून सहा पेन्सचं नाणं. डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. त्याने कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डाचा छोटा अॅम्प केला. 'गुड कंपनी'मध्ये अख्खा जॅझ बँड वाजतोय असं वाटतं, ती करामत याच गिटार-अॅम्पची.

असा टोन हाताशी असताना फ्रेडीने काय केलं? १९७५ साली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा तो धडाकेबाज रिफ पियानोवर रचला आणि ब्रायनसमोर ठेवला. पियानोवर हात सहज फिरतात, गिटारवर तीच चाल बोटांना आडवी येते. गिटारिस्टला आपणहून सुचलाच नसता असा तो तुकडा. ब्रायनने तो बसवला, म्हणून तो इतका वेगळा वाजतो.

१९७९ साली उलटं झालं. म्युनिकच्या हॉटेलात टबमध्ये बसल्या बसल्या त्याला 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' सुचलं, आणि ते त्याने चक्क गिटारवर केलं. कॉर्ड्स मोजक्याच येत होत्या, म्हणून गाणं साधं राहिलं. १९८० साली ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं! १३ जुलै १९८५ ला वेम्बलीच्या 'लाइव्ह एड'मध्ये, हजारोंच्या गर्दीसमोर, हा पियानोवाला गळ्यात गिटार अडकवून तेच वाजवत होता.

एड्सचं नाव लोक कुजबुजत घ्यायचे त्या काळात, २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आपला आजार जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय ४५. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा निघालं, ब्रिटनमध्ये पुन्हा पहिलं आलं आणि त्याचे पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले.

तेव्हा गॅदरिंगच्या बँडमध्ये गिटार येत नाही म्हणून मागे बसलेला कुणी असेल, तर त्याला एकदा विचारून बघा. कुणी सांगावं, पुढचा रिफ त्याच्याच डोक्यात असेल!