कै. राम गणेश गडकरी : हास्य आणि अश्रू यांचे नाटककार

चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीने महाराष्ट्र-शारदेच्या चरणी जी रत्ने वाहिली, त्यांत कै. राम गणेश गडकरी यांचे स्थान कोणते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ते साऱ्या मराठी भाषकांचे झाले. आपण केवळ नात्याचा आनंद मानावयाचा. त्यांच्या नाटकांवर एक जुना आक्षेप आहे की, शोकाच्या प्रसंगी हा नाटककार विनोद आवरीत नाही आणि त्यामुळे करुणरसाची हानी होते. त्यांचे चरित्र पाहताना या आक्षेपाचाही विचार करणे योग्य होईल.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे झाला. आरंभीचे शिक्षण गुजरातीत झाले. ज्याने पुढे मराठी भाषेला मनमुराद नाचविले, त्याच्या बालपणी शाळेची भाषा निराळी होती, ही मोठी गमतीची गोष्ट होय. पितृछत्र लवकर हरपले आणि दारिद्र्य पाठीस लागले. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी नाव घातले, परंतु पदवीपर्यंत मजल गेली नाही. त्यांची खरी पाठशाळा किर्लोस्कर नाटक मंडळी. तेथे कंपनीतील मुलांना शिकविण्याचे काम त्यांनी केले आणि रंगभूमी जवळून, अगदी पडद्यामागून, पाहिली.

गुरू त्यांनी मानला तो श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. कोल्हटकरांचा कोटिबाज विनोद आणि शेक्सपिअरची नाटके या दोहोंचा संस्कार त्यांच्यावर झाला. राजाचा खून पडलेल्या रात्री मॅक्बेथच्या वाड्यात दारूच्या धुंदीतला द्वारपाल बडबडतो, हॅम्लेटमधील थडगे खणणारे थट्टा करीत कवट्या उकरतात. आपल्याकडेही मृच्छकटिकातील मैत्रेय हा विदूषक असूनच चारुदत्ताच्या दुःखाने व्याकुळ होतो. म्हणजे हे मिश्रण गडकऱ्यांनी नव्याने शोधून काढले असे नव्हे. त्यांनी ते कोठवर नेले, हाच प्रश्न आहे.

१९१२ च्या 'प्रेमसंन्यासा'त बालविधवेच्या दुःखाची कथा आहे आणि तिच्याच अंगणात विसरभोळा गोकुळ वावरतो. प्रेक्षक त्याला हसतात, पण तो कथेच्या मर्माला स्पर्श करीत नाही. १९१६ च्या 'पुण्यप्रभावा'तही वसुंधरेचे पातिव्रत्य एका बाजूस आणि नूपुर-कंकणांची हास्यकथा दुसऱ्या बाजूस राहते. ही कथा काढून घेतली तरी मूळ वस्तूला फारसा धक्का पोहोचत नाही. येथवर आक्षेपकांचे म्हणणे मान्य करावे लागते.

'एकच प्याला' मात्र निराळा आहे. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळापुरती जाते आणि मनस्ताप विसरण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. हा तळीराम नाटकातील सर्वांत हास्यकारक मनुष्य! त्याच्या आर्य मदिरा मंडळात शास्त्रीबुवांपासून खुदाबक्षापर्यंत सर्व जमतात आणि मद्यपानाचे असे पांडित्यपूर्ण समर्थन होते की, नाट्यगृह हास्याने दणाणते. परंतु त्याच वेळी सुधाकराच्या घरी सिंधू जात्यावर दळण दळून संसार रेटीत आहे. ज्या बैठकीला आपण आत्ता हसलो, तिचेच मोल ती भरीत आहे, हे प्रेक्षकाला थोड्या वेळाने उमगते. सुधाकराला ज्या गोडीने ओढले, त्याच गोडीने आपणही घटकाभर ओढले गेलो! तळीराम नाटकातून वगळला तर सुधाकर का घसरला हेच कळणार नाही. येथे विनोद शोकाला विसावा देण्यासाठी येत नाही, तर शोकाचे कारण होऊन येतो. आजारी तळीरामाच्या बिछान्याजवळ डॉक्टर आणि वैद्य यांचा जो वाद माजतो, त्यात तर हसावे की शहारावे हे समजत नाही.

शेवटी सुधाकराच्या हातून तान्हे मूल दगावते, सिंधू मरणोन्मुख होते आणि तशातही पतीवरील आळ टाळण्यासाठी फौजदाराशी खोटे बोलते. या अंकात गडकऱ्यांनी हास्य पूर्णपणे आवरले आहे, याकडे टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. एक दोष मात्र उरतोच. तळीराम इतका लोकप्रिय झाला की, मद्यप्याला थट्टेने तळीराम म्हणण्याची रीत मराठीत कायमची रूढ झाली. मद्यपानाचा धिक्कार करण्यास निघालेल्या नाटकाने मद्यपीला असे लाडके नाव मिळवून दिले, याचे मनाला थोडे वैषम्य वाटते.

काव्यात 'गोविंदाग्रज' आणि विनोदात 'बाळकराम' अशी दोन नावे धारण करणाऱ्या या पुरुषाच्या ठायी दोन्ही रस जन्मतःच एकत्र नांदत होते. 'राजसंन्यास' आणि 'वेड्यांचा बाजार' अपुरी राहिली. क्षयाने देह पोखरला असताना नागपूरजवळ सावनेर येथे त्यांनी 'भावबंधन' हातावेगळे केले. त्यात घनश्यामाच्या सूडाशेजारी धुंडिराजाची खळखळून हसविणारी बडबड आहे. लिहिणारा स्वतः अंथरुणाला खिळलेला होता! नाटक पुरे झाल्यावर थोड्याच अवधीत, २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

'एकच प्याला'ची पदे रचावयाची राहून गेली होती. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी करून दिली. २० फेब्रुवारी १९१९ रोजी, मृत्यूला महिनाही लोटला नसता, बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने तो प्रथम रंगभूमीवर आणला. बालगंधर्व सिंधू झाले होते आणि गणपतराव बोडस सुधाकर.