पटकीशी झुंजणारा पाहुणा : वाल्डेमार हाफकिन



मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. पोलिओचे डोस किंवा सर्पदंशावरील लस यांच्या निमित्ताने हे नाव तुमच्या कानांवरून गेले असेल. पण हे हाफकिन कोण, कोठले आणि त्यांचे नाव आपल्या मुंबईतील संस्थेला का दिले, असे विचारले तर फार थोड्यांना उत्तर देता येईल. म्हणून या थोर माणसाचे चरित्र तुमच्यापुढे थोडक्यात ठेवीत आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. मेचनिकॉफ या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. हुशारी होती, कष्टाची तयारी होती. पण ज्यू असल्यामुळे प्राध्यापकपदाची वाट त्यांना बंद होती. धर्म बदलला असता तर ती खुली झाली असती. त्यांनी तसे केले नाही. १८८८ मध्ये ते देश सोडून जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तेथे आधी ग्रंथालयात सहायकाचे काम मिळाले. दिवसा ग्रंथालय आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी जगाला धाक होता तो पटकीचा, म्हणजेच कॉलऱ्याचा. आपल्याकडे लोक तिला मरीआईचा कोप समजत. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-वांतीने संध्याकाळपर्यंत दगावत असे. हा रोग दूषित पाण्यातून पसरतो, हे लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले होते. जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे येऊन त्याचा जंतू ओळखला होता.

आपल्या समाजाशी या इतिहासाचा जवळचा संबंध आहे. १८६५ मध्ये हजच्या वेळी मक्केत पटकीची भयंकर साथ आली आणि हजारो हाजी मृत्युमुखी पडले. परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती इजिप्तमार्गे युरोपात पोचली. तेव्हा राष्ट्रांचे डोळे उघडले. १८६६ मध्ये इस्तंबूलला अनेक देशांचे प्रतिनिधी केवळ याच प्रश्नासाठी एकत्र बसले. पुढे लाल समुद्रातील कामरान बेटावर हाजींच्या जहाजांसाठी क्वारंटाइन सुरू झाले. मुंबईहून निघालेल्या कितीतरी हाजींनी तेथे दिवस काढले. १८९३ च्या ड्रेस्डेन परिषदेत देशांनी ठरविले, की आपल्याकडे पटकी उद्भवली तर ती न लपविता इतरांना कळवायची. आपली बंदरे बंद पडतील, व्यापार बुडेल, या भीतीने साथ दडविण्याची सवय तोवर सर्वत्र होती.

नेमक्या याच सुमारास हाफकिन यांची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. पण काही दिवसांत ते बरे झाले. मग मित्रांना टोचली. ती खरोखर उपयोगी पडते की नाही, हे पाहायचे तर जेथे पटकीचे ठाणे आहे तेथेच जायला हवे होते. म्हणून १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यास उतरले.

लोक सहजासहजी दंड पुढे करीत नव्हते. परका माणूस, परकी सुई, आणि वर सरकारचा संशय. एका वस्तीत त्यांच्यावर दगडफेकही झाली. तेव्हा त्यांनी सर्वांसमक्ष आपल्याच अंगात सुई टोचवून घेतली, असे सांगतात. बरोबरच्या हिंदी डॉक्टरांनी लोकांची समजूत घातली. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत सुमारे २०० पैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे नवे रोगी निघाले, ते सारे न टोचलेल्यांपैकी होते. वर्ष-दोन वर्षांत ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली गेली. हाफकिन प्रत्येक ठिकाणी टोचलेल्यांची आणि न टोचलेल्यांची नोंद ठेवीत. त्या नोंदींवरूनच लस किती उपयोगी आहे आणि तिचा असर काही महिन्यांपुरताच टिकतो, या दोन्ही गोष्टी कळल्या.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने त्यांना तेथे बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा खोलीत रात्रंदिवस खपून त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःच टोचून घेतली. येथे एका तरुणाचे ऋण मानले पाहिजे. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान तिसरे तेव्हा अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली आणि अनुयायांदेखत स्वतः लस टोचून घेतली. ते पाहून हजारो खोजा बांधव पुढे आले. पुढे अलीगढ विद्यापीठासाठी निधी जमविणारे आगाखान ते हेच.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. पण १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सारा ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचे पद गेले. दोष प्रयोगशाळेचा नसून गावात बाटली उघडताना झालेल्या निष्काळजीपणाचा होता, हे पटवायला पाच वर्षे गेली. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. ते पुन्हा कलकत्त्यास आले खरे, पण पूर्वीचा अधिकार त्यांना परत मिळाला नाही. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. अविवाहित राहिलेल्या या माणसाने आपली मिळकत स्वसमाजातील विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली.

त्यांच्यामागे हे काम थांबले नाही. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली आणि साथीची वर्दी देण्याची रीत साऱ्या जगाची झाली. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचविले. तीच आजची जलसंजीवनी. २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तोंडावाटे द्यावयाच्या कॉलरा लसीचा साठा राखून ठेवला आहे. जेथे साथ येईल तेथे तो पाठविला जातो.

वाचकहो, आपले पेठ वडगाव बाजाराचे गाव. चहूकडून माणसे येतात, जातात. वारणा-पंचगंगेचे पूर आपण २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिले. पूर ओसरला की विहिरी, नळ आणि बोअरिंगचे पाणी बिघडण्याचा धोका असतो. अशा वेळी पाणी उकळून प्यावे. कोणास जुलाब झाले तर जलसंजीवनी ताबडतोब सुरू करावी आणि दवाखाना गाठावा. गल्लीत दोन-चार घरी एकदम जुलाब लागले तर लाजून किंवा घाबरून गप्प बसू नये. आशा ताईंना अथवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. ड्रेस्डेनला राष्ट्रांनी जे मान्य केले, तेच आपल्या मोहल्ल्याने मान्य करायचे आहे. कारण साथीची पहिली खबर कोणत्याही मोठ्या कचेरीत जन्मत नाही. ती एखाद्या घरातील आईला सर्वांच्या आधी कळते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एका ज्यू शास्त्रज्ञाने, एका मुसलमान धर्मप्रमुखाने आणि अनेक हिंदी डॉक्टरांनी मिळून मुंबई-कलकत्त्याच्या गोरगरिबांसाठी हे काम केले, हे ध्यानात ठेवा. तुमच्यापैकी कोणी उद्या प्रयोगशाळेत उभा राहिला, कोणी परिचारिका झाली, कोणी पाणी तपासणारा झाला, तर या संस्थेने चालविलेल्या खटाटोपाचे चीज होईल.