नानाभाई मूस आणि पृथ्वीचा गाभा

आपल्या निघोजे-चाकण भागात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, त्यात लोहचुंबकी खनिजाचे बारीक कण असतात. होकायंत्र अशा दगडाला अगदी खेटून ठेवले तर त्याची सुई ढळू शकते. नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस या थोर शास्त्रज्ञाला या साध्या गोष्टीचा फार विचार करावा लागला.

नानाभाईंचा जन्म 1859 सालचा. मुंबईत आणि पुढे एडिंबरो येथे त्यांनी शिक्षण घेतले व 1896 मध्ये ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद पन्नासएक वर्षे सातत्याने ठेवली जात होती. टांगलेल्या चुंबकाला चिकटवलेल्या आरशावरून प्रकाशाचा कवडसा फिरत्या कागदावर पडे आणि सुईची बारीकशी थरथरही तेथे उमटे.

विद्यार्थी मित्रहो, ही सुई हलते कशाने? तासातासाला होणारी हालचाल बहुधा सूर्यामुळे व वरच्या वातावरणामुळे होते. परंतु वर्षानुवर्षे होणारा संथ बदल पृथ्वीच्या पोटातून येतो. आपल्या पायाखाली सुमारे 35 ते 40 किलोमीटर जाडीचे भूकवच आहे. त्याखाली 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण, तेही घनच. त्यापुढे वितळलेल्या लोखंडाचा बाह्यगाभा 5,150 किलोमीटरपर्यंत, आणि 6,371 किलोमीटरवरील केंद्रापर्यंत घन अंतर्गाभा. बाह्यगाभ्यातील द्रव लोखंडाच्या अभिसरणातून विद्युतप्रवाह व चुंबकत्व निर्माण होते. तेथवर कोणी पोचू शकत नाही. म्हणून दीर्घ व अखंड नोंद हीच दौलत. दहा वर्षांची नोंद येथे अपुरीच म्हणायची.

आणि ती नोंदच संकटात आली. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार होत्या. रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज सुईला बेजार करणार, हे उघड होते. शहराने ट्राम सोडाव्या असे कोण म्हणेल? हलायचे ते वेधशाळेनेच! नानाभाईंनी सुमारे 30 किलोमीटरवरील अलिबाग निवडले. तेथील यंत्रगृहासाठी जवळपासचा काळा दगड चालणार नव्हता. चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड तपासून वापरण्यात आला.

त्यांची खरी दूरदृष्टी यापुढची आहे. अलिबागचे काम 1904 मध्ये सुरू झाले तरी कुलाबा लगेच बंद केले नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन जागांतील फरक कळून जुनी मालिका नव्याशी जोडता आली. विजेची ट्राम धावली 1907 मध्ये. योगायोग असा की भारतात भूवैज्ञानिक म्हणून नोकरी केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी भूकंपलहरींवरून पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले, तेही 1906 सालीच.

1846 ते 1905 या साठ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास नानाभाईंनी 1910 मध्ये दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केला. 1919 मध्ये ते निवृत्त झाले. 1936 साली त्यांचे निधन झाले; त्याच वर्षी डेन्मार्कच्या इंगे लेहमन या विदुषीने गाभ्याच्या आत आणखी एक अंतर्गाभा असल्याचा शोध जाहीर केला. अलिबागची नोंद आजही चालू आहे.